आल्याची बिअर खरंच आंबतेय की नुसती फसफसतेय?

आल्याची बिअर म्हणजे आलं-साखरेचं पाणी आंबवून केलेलं फसफसतं पेय. तिच्याबद्दल तक्रारी तीनच असतात आणि त्या एकाच घरात आलटून पालटून येतात. बरणीत बुडबुडेच येत नाहीत. बुडबुडे आले, पण बाटली उघडली तर आत गोड सरबत. किंवा बाटली उघडण्याआधीच फुटली. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पहिली तक्रार जास्त. एप्रिल-मे महिन्यांत अथणी, रायबाग, चिकोडीकडे तिसरी. बेळगाव शहरात वर्षभरात तिन्ही भेटतात.

तिन्हींचं मूळ एकच आहे: आंबण्याचा अंदाज बुडबुड्यांवरून बांधला जातो. बुडबुडा दिसला म्हणजे वायू द्रवातून बाहेर पडला, एवढंच कळतं. साखर किती संपली, किती उरली, हे त्यातून कळत नाही. आणि ही बिअर बिघडते किंवा फुटते ती नेमकी या हिशेबामुळे. साखर मोजायचं साधन आपल्या भागात गावोगावच्या दूध डेअरीत पडलेलं असतं, ते म्हणजे लॅक्टोमीटर. त्याकडे येऊच, पण आधी प्रमाण ठरवून घेऊ, कारण पुढचे सगळे आकडे त्यालाच धरून आहेत.

धरलेलं प्रमाण

विरजणासाठी, म्हणजे बिअर आंबवायला जे मुरवण लावायचं त्यासाठी, अर्धा लिटर पाणी, २० ग्रॅम आलं सालीसकट किसून आणि २० ग्रॅम साखर. काचेची बरणी, तोंडाला घट्ट विणीचा सुती फडका. रोज १० ग्रॅम आलं, १० ग्रॅम साखर घालून ढवळायचं. घरात २८ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर चार-पाच दिवसांत विरजण तयार होतं, २१-२२ अंशांत आठवडा लागतो.

चार लिटर बिअरसाठी १५० ग्रॅम आलं ठेचून दीड लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळायचं. त्यातच ४०० ग्रॅम साखर विरघळवायची, गाळायचं आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. मग तीन लिंबांचा रस, गाळलेलं पाव लिटर विरजण आणि सगळं मिळून चार लिटर भरेल इतकं पाणी. भांडं फडक्याने झाकून एक ते दोन दिवस, नंतर बाटल्यांत भरून पुन्हा एक-दोन दिवस, मग फ्रीज.

आल्याच्या सालीवर जंगली यीस्ट असतं आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही असतात. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार करतं. आंबलेल्या साखरेचा वजनाने साधारण निम्मा भाग वायू होतो, निम्मा अल्कोहोल. जिवाणू आंबटपणा आणतात. लिटरला १०० ग्रॅम साखर शेवटपर्यंत आंबली तर अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे दुकानातल्या बिअरएवढं. कर्नाटक अबकारी कायद्याने (१९६५) परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, आणि घरातल्या पेयात इतकं अल्कोहोल कुणाला अपेक्षितही नसतं. म्हणून आल्याची बिअर शेवटपर्यंत आंबवायची नसते. तिला सुरुवातीच्या टप्प्यातच पकडून थंड करायचं असतं. म्हणूनच ती कुठवर आली आहे हे नक्की कळणं इथे जास्त गरजेचं ठरतं. अशी वेळेत थांबवलेली बिअरही अगदी शून्य अल्कोहोलची नसते. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ती देऊ नये.

लॅक्टोमीटरने साखर मोजणं

बाजारात दोन प्रकारचे लॅक्टोमीटर मिळतात. एकावर फक्त पाणी आणि दूध अशा खुणा असतात, तो या कामाला उपयोगाचा नाही. दुसऱ्यावर आकडे असतात, १५ ते ४० किंवा ० ते ४०. तो घ्या. हे आकडे म्हणजे विशिष्ट गुरुत्वाचे (द्रव पाण्याच्या किती पट जड आहे त्याचे) शेवटचे दोन अंक असतात: ३८ म्हणजे १.०३८. लिटरला १०० ग्रॅम साखरेचं पाणी बरोबर ३८च्या आसपास येतं, म्हणजे आपली बिअर मीटरच्या पट्टीत नेमकी बसते. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून १.००० ते १.१०० पट्टीचा हायड्रोमीटर आणलात तर उत्तमच, पण त्याच्यासाठी अडून राहायचं कारण नाही.

आधी मीटर तपासून घ्या. १०० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून, पाणी घालत एकूण एक लिटर करा आणि त्यात मीटर सोडा. तो ३८ दाखवेल किंवा ३५-३६ही दाखवेल, कारण निरनिराळे मीटर निरनिराळ्या तापमानाला जुळवलेले असतात. जो आकडा येईल तो तुमच्या मीटरचा आरंभ. आपल्याला खरा आकडा नको आहे, तो किती उतरला ते हवं आहे.

मोजताना घाई नडते. भांड्यातली पाव लिटर बिअर गाळून घ्या आणि दोन पेल्यांत आठ-दहा वेळा वरखाली ओता. हे न केल्यास बारीक बुडबुडे मीटरला चिकटतात, तो वर उचलला जातो आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त वाटते. फेस बसल्यावर उंच, अरुंद पेल्यात मीटर सोडा, बोटांनी हलकी गिरकी द्या आणि स्थिर झाला की डोळा पातळीला आणून वाचा. दुधात वरची कड वाचतात कारण दूध पारदर्शक नसतं. इथे पाण्याची खालची, सपाट कड वाचायची. तापमान दरवेळी एकच असू द्या. १० अंश गरम नमुना साधारण अडीच आकडे कमी दाखवतो आणि तेवढ्यावरून बिअर आंबली असा भास होतो. मोजलेला नमुना परत भांड्यात ओतू नका.

आता आकडे काय सांगतात ते. आरंभ ३८ धरला तर २४ तासांत एक-दोन आकडे उतरणं म्हणजे गाडी व्यवस्थित चालली आहे. आकडा ३५ झाला की बाटल्या भरा. बाटलीत ३१ पर्यंत उतरली की फ्रीजमध्ये. असे एकूण सात आकडे उतरले तर अल्कोहोल एक टक्क्याच्या आत राहतं, कारण दर आकड्याला सुमारे ०.१३ टक्के अल्कोहोल तयार होतं. आकडा चोवीस तास हललाच नाही, तर वर कितीही फेस असो, बिअर आंबत नाही. आणि एका रात्रीत पाच-सहा आकडे उतरले, तर उष्णता जास्त आहे किंवा विरजण जास्त पडलं आहे. अशी बिअर बाटलीत भरून बाहेर ठेवू नये. ती प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून सरळ फ्रीजमध्ये टाका.

बाटलीतल्या बिअरचा आकडा बघायचा तर एक छोटी बाटली फक्त मोजण्यासाठी भरून ठेवा. सगळ्या बाटल्या उघडत बसलात तर वायू निघून जातो.

बुडबुडे कुठे कुठे फसवतात

फडक्याने झाकलेल्या रुंद तोंडाच्या भांड्यात वायू सगळीकडून हळू निघून जातो. बुडबुडे जवळपास दिसतच नाहीत, तरी आकडा रोज उतरत असतो. अशी चांगली चाललेली बिअर फेकून दिली जाते.

उलटही होतं. रात्री गारवा असताना वायू द्रवात विरघळून राहतो. सकाळी उन्हाची तिरीप भांड्यावर आली, द्रव तापला की तोच वायू बाहेर येतो. दहा मिनिटं छान फसफसतं, पण आंबणं कधीच थांबलेलं असू शकतं.

तिसरी फसवणूक विरजणात होते आणि ती सर्वांत महागात पडते. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच बरणीत भरपूर फेस येतो, पण वास चांगला नसतो, मातकट किंवा शिळ्या कोबीसारखा असतो. हा वायू यीस्टचा नाही, आल्याबरोबर आलेल्या दुसऱ्या जिवाणूंचा आहे. आंबटपणा वाढला की ते मरतात आणि तिसऱ्या दिवशी बरणी एकदम शांत होते. विरजण मेलं असं समजून पुष्कळ जण ते इथेच ओततात, किंवा याच्या आधी, फेस बघून, ते बिअरला लावतात. दोन्ही चूक. रोजचं आलं-साखर घालत राहा. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा बारीक, एकसारखे बुडबुडे येतात, ढवळल्यावर चुरचुर आवाज येतो आणि वास आलं, लिंबू, थोडासा पाव असा होतो. विरजण तयार आहे ते तेव्हा.

पी.एच. कागद असेल तर तो विरजणाला लावा. लिंबू न घातलेलं विरजण तयार झाल्यावर ४च्या खाली यायला हवं. बिअरला मात्र हा कागद लावून काही कळत नाही. लिंबामुळे ती पहिल्या मिनिटापासूनच आंबट असते.

तळाचा गाळही असाच घोटाळा करतो. काही तासांतच तळाशी पांढरा थर बसतो आणि ‘यीस्ट बसलं’ असं वाटतं. आल्यात स्टार्च भरपूर असतो आणि पहिला थर बहुतेक त्याचाच असतो. चमचाभर गाळ बशीत घेऊन औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर तो स्टार्च. तपासलेला गाळ फेकून द्या. यीस्टचा थर नंतर येतो, तो मलईसारखा असतो आणि बाटली हलवली की धुरासारखा उठतो.

तीन दिवस झाले, काहीच होत नाही

पहिला संशय पाण्यावर घ्या. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी नळाने येतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पिण्याला ते हवंच, पण थोड्या यीस्टवर उभ्या असलेल्या विरजणाला ते मारक ठरतं. दहा मिनिटं उकळून पूर्ण थंड करा किंवा परातीत रात्रभर उघडं ठेवा. घरच्या आरओ मशीनचं पाणी क्लोरीनच्या दृष्टीने चांगलं, पण त्यात क्षार नसल्यासारखेच असतात आणि विरजण मंद चालतं. त्यात चार-पाच काळ्या मनुका किंवा सुपारीएवढा काळसर गूळ टाकला तर फरक पडतो. पूर्वेकडच्या तालुक्यांतलं कूपनलिकेचं जड पाणी आंबटपणा वाढू देत नाही. तिथे विरजणात पहिल्याच दिवशी चमचाभर लिंबाचा रस घाला.

मग आलं. सोललेलं, गरम पाण्याने धुतलेलं, किंवा मिक्सरची तयार पेस्ट आणलेली असेल तर त्यावर यीस्ट उरलेलंच नसतं. पेस्टमध्ये तर ते वाढू नये म्हणून मुद्दाम काही घातलेलं असतं. माती लागलेलं, घट्ट, साल न सुकलेलं आलं बाजारातून आणा, गार पाण्याखाली माती काढा आणि साल तशीच ठेवा. कुणाकडे मोड न येण्यासाठी किरणांची प्रक्रिया केलेलं आलं मिळालं असेल तर दुसऱ्या दुकानातलं घेऊन बघणं सोपं.

गूळ वापरणाऱ्यांनी रंग बघावा. पिवळाधमक, फिकट गूळ दिसायला सुंदर, पण गुऱ्हाळात तो रंग हायड्रोस पावडरने आणलेला असतो. त्यातला गंधक यीस्टला दडपतो आणि बिअरला काडेपेटीचा वास देतो. भेंडीचा चिक घालून मळी काढलेला, काळसर तांबूस गूळ घ्या. तो यीस्टला साखरेपेक्षा जास्त मानवतो, कारण त्यात क्षार आणि इतर पोषक द्रव्यं शिल्लक असतात. मात्र त्यात पाणीही असतं, म्हणून ४०० ग्रॅम गुळावर आरंभाचा आकडा ३८ येणार नाही, कमी येईल. जो येईल तो लिहून ठेवा आणि उतार त्यावरून मोजा. साखरेऐवजी शुगर-फ्री गोळ्या घातल्या तर आंबायला काही उरतच नाही.

उकळलेल्या काढ्यात घाईने विरजण ओतणं हेही नेहमीचं कारण. ५० अंशांच्या वर यीस्ट टिकत नाही आणि चाळिशीतही ते धापा टाकतं. पातेल्याच्या बाहेरून हात लावल्यावर ऊब जाणवत असेल तर थांबा. एकदा विरजण भाजलं की वाट बघून उपयोग नाही, द्रव थंड करून नवं विरजण घालायचं.

हे सगळं ठीक असेल तर उरतं तापमान, आणि पावसाळ्यात बहुतेक वेळा कारण तेच निघतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या भिंतींच्या स्वयंपाकघरात पारा २२-२३ अंशांवर बसून राहतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याहून पुष्कळ खाली जातात. तापमान १० अंशांनी उतरलं की आंबण्याचा वेग निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. थर्मामीटर नसेल तर आंबोळीच्या पिठाकडे बघा. पीठ रात्रीत फुगून वर येत नाही अशा दिवसांत वर दिलेलं वेळापत्रक दुप्पट धरा.

ऊब द्यायला फळवाल्याकडचं थर्माकोलचं खोकं पुरतं. आत भांडं आणि शेजारी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याची एक लिटरची बाटली, सकाळ-संध्याकाळ बदलायची. चुलीजवळ किंवा गॅसच्या शेगडीला लागून भांडं ठेवू नका. एका बाजूने तापतं, दुसरीकडून गार राहतं आणि स्वयंपाक संपला की सगळंच उतरतं. स्थिर २६ अंश हे दिवसा ३२ आणि रात्री २० यांपेक्षा कितीतरी बरे.

अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात उलट काम करावं लागतं. घरात ३६ अंश असताना बिअर आंबते, पण भसाभस, आणि तिला चव राहत नाही. भांडं पाण्याच्या परातीत ठेवा, त्यावर ओलं पोतं किंवा टॉवेल गुंडाळा, टॉवेलचं टोक परातीत बुडू द्या. तिथली हवा कोरडी असल्याने माठासारखाच परिणाम मिळतो आणि चार-पाच अंश सहज उतरतात. खानापूरच्या पावसात हीच युक्ती चालत नाही. हवा आधीच ओली असते, टॉवेल वाळतच नाही.

बुडबुडे होते, पण बाटलीत दम नाही

आधी झाकण तपासा, कारण बहुतेक वेळा दोष त्याचाच असतो. रिकाम्या बाटलीला झाकण लावा, ती उलटी करून पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दाबा. झाकणापाशी बुडबुड्यांची माळ निघाली तर ती बाटली बाद. स्प्रिंगच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत रबरी वायसर कडक झालेला असतो, तो बदलला की काम होतं.

झाकण पक्कं असेल तर बिअर चाखा. गोड असेल तर ती फ्रीजमध्ये लवकर गेली. बाहेर काढा, एक-दोन दिवस उबेत ठेवा. गोडी संपून पाणचट, आंबट लागत असेल तर साखर भांड्यातच संपली, म्हणजे बाटल्या भरायला उशीर झाला. अशा बिअरमध्ये ठरल्यापेक्षा बरंच जास्त अल्कोहोल असतं हे लक्षात ठेवा. तिच्यात आणखी साखर घालून ती पुन्हा चालू करण्यापेक्षा ती सोडून द्यावी.

बाटली फुटणं

याबाबतीत हिशेब समजून घेतलेला बरा, कारण काचेचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

चांगल्या सोड्याइतकी फसफस यायला लिटरमागे १२ ग्रॅम साखर आंबली की पुरते. आपण ३५ आकड्याला बाटली भरतो तेव्हा लिटरमागे नव्वदेक ग्रॅम साखर अजून शिल्लक असते, म्हणजे गरजेच्या सातपट. यीस्टला हवी तेवढी साखर आणि ऊब दिली तर ते थांबणार नाही, बाटली थांबवेल किंवा फुटेल. म्हणून ‘चार दिवस बाहेर ठेवा’ असा सरसकट सल्ला धोक्याचा आहे. जानेवारीत चार दिवसही कमी पडतील, आणि अथणीत मे महिन्यात बारा-अठरा तासांत बाटली तयार झालेली असते.

प्लास्टिकची बाटली इथे मोजमापाचं काम करते. पण कुठली प्लास्टिकची? पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. कोला किंवा सोड्याची, तळाला पाच पाय असलेली जाड बाटली घ्या. तो तळ दाबासाठीच तसा केलेला असतो. वर चार बोटं जागा सोडा, बाटली दाबून थोडी हवा काढा आणि झाकण लावा. बाटली पोचलेली दिसेल. वायू साठला की पोच भरून येते. अंगठ्याने दाबून पाहा. दुकानातून आणलेल्या, न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक लागली की लगेच फ्रीज. दिवसातून दोनदा तपासा, उन्हाळ्यात चार-पाच तासांनी. काचेच्या बाटल्या वापरायच्याच असतील तर दाबासाठी बनवलेल्या वापरा आणि त्याच वेळी भरलेली एक प्लास्टिकची बाटली शेजारी ठेवा. ती टणक झाली की काचेच्याही तयार आहेत. सॉसच्या, मधाच्या, तेलाच्या काचेच्या बाटल्या कदापि नकोत. आंबताना सगळ्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात किंवा पेटीत ठेवाव्यात.

बाटली ताणून गोल झाली असेल, तळ बाहेर आला असेल, तर ती तशीच उघडू नका. जमेल तर हळूच फ्रीजमध्ये ठेवा, एक रात्र जाऊ द्या. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. मग तोंड दुसरीकडे करून, टॉवेल गुंडाळून, मोरीत झाकण अगदी थोडं सैल करा, सूं आवाज थांबू द्या, पुन्हा घट्ट करा. तीन-चार वेळा असं केल्यावर उघडा. काचेची बाटली असा संशय देत असेल तर हात लावण्याआधी जाड टॉवेल टाका आणि डोळ्यांना चष्मा लावा.

फ्रीजमध्ये आंबणं मंदावतं, थांबत नाही. आठ-दहा दिवसांत संपवा. वीज दिवसभर गेली असेल तर बाटल्या पुन्हा दाबून बघा.

वास, तवंग, तार

पृष्ठभागावर पांढरा, सपाट, सुरकुतलेला पातळ पापुद्रा आला तर ते हवेवर वाढणारं यीस्ट. घातक नसतं, पण चव बिघडवतं. काढून टाका आणि रोज ढवळत राहा. लव असलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी ठिपक्याची वाढ म्हणजे बुरशी. वरचा भाग काढून खालचं वापरायचं नाही, सगळं ओतायचं आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवायची.

कुजक्या अंड्याचा हलका वास यीस्ट उपाशी असल्याची खूण आहे. मनुका घाला, भांडं जोरात ढवळा, एका दिवसात तो जातो. नेलपॉलिशसारखा वास उष्णतेचा आहे, तो जात नाही. भांडं थंड जागी हलवून पुढची खेप सांभाळा. व्हिनेगरचा वास चिलटांमार्फत येतो. चिलटं आम्लाचे जिवाणू अंगावर घेऊन फिरतात आणि सैल विणीच्या फडक्यातून आत शिरतात. मलमल दुहेरी करून रबर लावा.

आणखी एक प्रकार आहे, ज्याला लोक घाबरतात: बिअर पळीने उचलली की तार धरते, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी लिबलिबीत होते. हे ल्यूकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूचं काम. तो साध्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांत काम केलेल्या माणसाला हे नाव नवं नाही. तोडून फार वेळ पडून राहिलेल्या उसात हेच डेक्स्ट्रान तयार होतं आणि रस गाळायला, साखर बसायला त्रास देतं. बिअरमध्ये ते बहुधा विरजण कोवळं असताना वापरल्याने येतं. ते विरजण पुढे चालवू नका. नवं करताना सुरुवातीलाच लिंबाचा रस घाला आणि पाचव्या दिवसाच्या आत वापरू नका.

विरजण टिकवणं

दर वेळी नव्याने सुरुवात करायची गरज नाही. पाव लिटर काढून बिअरला लावलं की तेवढंच पाणी, २० ग्रॅम आलं, २० ग्रॅम साखर घालून एक दिवस बाहेर ठेवा, चुरचुर सुरू झाली की झाकण सैल ठेवून फ्रीजमध्ये. आठवड्यातून एकदा चमचाभर साखर आणि आलं. आल्याचा चोथा साठत जातो, तो दर तिसऱ्या-चौथ्या वेळी निम्मा काढून टाका, नाहीतर विरजण घट्ट आणि कडवट होतं.

फ्रीजमधलं विरजण थेट बिअरला लावू नका. आदल्या रात्री बाहेर काढा, साखर घाला आणि सकाळी छोटीशी परीक्षा घ्या: अर्धा पेला गार साखरपाण्यात दोन चमचे विरजण टाकून उबेत ठेवायचं. चार-सहा तासांत कडेने बुडबुड्यांची रेघ धरली तर ते चार लिटर पेलेल. एवढ्यात काहीच हललं नाही तर आणखी दोन दिवस रोज आलं-साखर द्या आणि पुन्हा तपासा. तेव्हाही ते निपचित राहिलं, किंवा तार धरत असेल, तर बरणी रिकामी करून नव्या आल्यावर नवं विरजण धरा.